यादीत नसलेली सिग्रुन

विदिविकच्या चर्चमागे, सरोवराच्या अंगाला, योहान्नेस थोर्लाकसनचा दगड उभा आहे. सगळ्या दफनभूमीत तोच उंच. योहान्नेस १८७६ साली बायकोमुलीला घेऊन आइसलंडहून निघाला, आगबोटीनं, आगगाडीनं आणि शेवटी तराफ्यावरून विनिपेग सरोवराच्या या काठाला लागला. विदिविकमधलं पहिलं घर त्यानं बांधलं, असं गाव मानत आलं. दगडावर त्याचं नाव, त्याखाली बायको गुदलॉगचं, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत: ‘सिग्रुन, त्यांची लेक. जन्म १८७२. देवीच्या साथीत मृत्यू १८७६.’

स्टेफानिया ही योहान्नेसची पणती. बर्फ वितळलं की या दगडावरचं शेवाळ घासायचं काम थोर्लाकसनांच्या घरातल्या पोरांकडे असायचं. ती सहा वर्षांची असल्यापासून ते करत आली होती आणि आता सहासष्टची झाली तरी सुटलेली नव्हती. एकतीस वर्षं तिनं खडीच्या रस्त्यांवरून शाळेची बस चालवली होती. सगळी डोकी मोजून झाल्याशिवाय ती गिअर टाकायची नाही, म्हणून गावातली निम्मी माणसं अजून तिला जरा दबकूनच असत.

त्या हिवाळ्यात तिचा चुलतभाऊ बाल्दुर गावाच्या एकशेचाळीस वर्षांचं पुस्तक काढत होता. बाल्दुर बारा वर्षं नगराध्यक्ष होता. पद गेलं तरी आवाज उतरला नव्हता.

“पणजोबांची दोन पानं तुझ्याकडे,” तो म्हणाला. “एक फोटो, घर बांधल्याची गोष्ट, पहिलं जाळं टाकल्याची गोष्ट. सगळ्यांना पाठच आहे. मार्चअखेर दे म्हणजे झालं.”

सगळ्यांना पाठ असलेलं लिहायला स्टेफानियाला दोन दिवस पुरले असते. पण ती खात्री करून घेणारी बाई. चर्चच्या पेटीत त्या पहिल्या हिवाळ्यातली पाद्र्याची वही होती, ती तिनं काढली. देवीच्या साथीत कोण कधी गेलं, कुठल्या घरातलं, किती वयाचं, सगळं ओळीनं लिहिलेलं. एकशे तीन नावं. तिनं ती वाचली, मग बोट ठेवून वाचली, मग घरी येऊन कॉफी पिऊन परत जाऊन वाचली. सिग्रुन त्यात नव्हती.

“एखादं नाव राहिलं असेल,” बाल्दुर म्हणाला. “माणसं पटापट मरत होती. पाद्री तरी कुठे कुठे पुरा पडणार?”

“दोन दिवसांच्या, नावसुद्धा न ठेवलेल्या बाळाची नोंद आहे त्यात. चार वर्षांच्या पोरीची राहते होय?”

“स्टेफी, दगडावर लिहिलंय. आपल्या आजोबांनी कोरून घेतलंय.”

“ती गेली म्हणतात, त्यानंतर तीन वर्षांनी आजोबा जन्मले. त्यांना काय माहीत?”

“मग तुला काय माहीत?”

“मला काहीच माहीत नाही,” स्टेफानिया म्हणाली. “म्हणून तर विचारतेय.”

तिनं आइसलंडला, गुदलॉगच्या माहेरच्या परगण्याला पत्र टाकलं. सात आठवडे काही नाही. मग रागन्हेइदुर नावाच्या एका बाईचं उत्तर आलं. गुदलॉगच्या बहिणीची, हेल्गाची, ती पणती. त्याच शेतावर राहत होती, मेंढ्या पाळत होती. घरच्या पेटाऱ्यात अमेरिकेहून आलेली चार पत्रं आहेत, कोणी विचारलं नाही म्हणून तशीच राहिली, असं तिनं लिहिलं होतं, आणि चारही पत्रांचे फोटो काढून पाठवले होते.

स्टेफानियाचं आइसलँडिक स्वयंपाकघरातलं. दूध उतू चाललंय, पाय पूस, देवाचं नाव घे, इथपर्यंतचं. भिंग आणि शब्दकोश घेऊन ती बसली. पहिली दोन पत्रं डास, चिखल आणि ओल्या लाकडांची होती. तिसरं जून १८७७ चं. ते लावायला तिला नऊ दिवस लागले.

‘नोव्हेंबरात योहान्नेस आणि मी एकाच दिवशी आजारी पडलो,’ गुदलॉगनं बहिणीला लिहिलं होतं. ‘पोरीच्या अंगावर एकही फोड नव्हता. नदीच्या मुखाशी इथल्या लोकांची वस्ती आहे. तिथली वाबिग्वन आम्हाला मासे आणून देत असे. बर्फाला भोक पाडून जाळं कसं लावायचं ते तिनंच मला शिकवलं. ती दारात आली. मी सिग्रुनला उबदार कपडे चढवले आणि तिच्या हाती दिलं. वाटलं, आम्ही दोघं काही सकाळ बघत नाही. मग आम्हाला दुसऱ्या गावी आजाऱ्यांच्या घरात नेलं. एप्रिलात परत आलो तेव्हा नदीच्या मुखाशी कोणी नव्हतं. त्यांच्या झोपड्या जाळलेल्या होत्या. योहान्नेस बर्फावरून नऊ दिवस उत्तरेला चालत गेला. एका व्यापाऱ्यानं सांगितलं, त्या वस्तीतलं कोणी उरलं नाही. तो परत आला आणि म्हणाला, ती मेली. मीही आता तसंच म्हणते. पण हेल्गा, मी माझ्या डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही.’

स्टेफानियानं पेन्सिल खाली ठेवली. खिडकीबाहेर सरोवर गोठलेलं होतं आणि त्यावर मासेमारीच्या टपऱ्या उभ्या होत्या. ती उठली, कोट चढवला आणि बर्फावरून टपऱ्यांपर्यंत चालत गेली. साठ वर्षं तिनं ज्या नावावरचं शेवाळ घासलं होतं, त्या मुलीच्या मरणाला साक्षीदारच नव्हता.

पुढच्या सोमवारी ती तीन तास गाडी हाकत विनिपेगच्या दफ्तरखान्यात गेली. इथल्या मूळ ओजिब्वे लोकांशी करार झाल्यावर सरकारी माणूस दर उन्हाळ्यात यायचा आणि घरागणिक डोकी मोजून जायचा. त्या नोंदवह्या तिथं आहेत, एवढं तिनं शोधून काढलं होतं. तिथल्या मुलीनं तिला यंत्रावर फिल्म लावून दिली आणि दोन तासांनी येऊन विचारलं, “आजी, थांबायचं का आता? डोळे लाल झालेत तुमचे.”

“बस वळवताना मध्ये थांबत नाहीत,” स्टेफानिया म्हणाली.

१८७६ च्या उन्हाळ्यात, नदीच्या मुखाशी, एका माणसाच्या नावापुढे लिहिलं होतं: पुरुष एक, बाई एक, वाबिग्वन, मुलगे दोन, मुली नाहीत. पुढच्या वर्षीची वही तिनं लावली. ती वस्तीच वहीतून नाहीशी झालेली. पण फार उत्तरेला, लून पॉइंटच्या पानावर, अगदी तळाशी: वाबिग्वन, विधवा. बाई एक. मुलगे नाहीत. मुली एक.

एकतीस वर्षं डोकी मोजलेल्या बाईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. नवरा गेला होता. दोन मुलगे गेले होते. आणि जिला मुलगी नव्हती, तिच्याकडे मुलगी होती.

ती मुलगी तिनं वर्षामागून वर्ष पुढे नेली. ७८, ७९, ८०. दर उन्हाळ्याला बाई एक, मुली एक. १८९१ मध्ये वाबिग्वनच्या ओळीतून ती मुलगी उठली आणि कीझिक नावाच्या तरुणाच्या ओळीत जाऊन बसली, ‘वाबिग्वनची लेक’ अशा शेऱ्यासह. बाई एक. स्टेफानिया यंत्रासमोर इतक्या मोठ्यानं हसली की पलीकडच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

लून पॉइंट विदिविकपासून गाडीनं अडीच तास. स्टेफानिया जन्मात तिथं गेली नव्हती. विदिविकमधलं कोणीच जात नसे. वस्तीच्या कचेरीत फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, “कीझिक? मग व्हर्नाकडे जा. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला ठाऊक नसलेलं इथं काही घडलेलं नाही. आणि येताना तंबाखू आणा, रिकाम्या हातानं जाऊ नका.”

तिनं तंबाखूची पुडी घेतली, शिवाय आलुबुखारचा सात थरांचा विनारतेर्ता केक केला. दारात एक उंच, रुंद खांद्यांची म्हातारी उभी होती. पांढरी वेणी छातीवर सोडलेली.

“जनगणनावाली का तू?”

“नाही.”

“चर्चवाली?”

“नाही.”

“मग ये आत. चहा ठेवलाय.”

स्टेफानियानं तंबाखू तिच्या हाती दिली, बसली आणि पत्राचं भाषांतर वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर व्हर्नानं चहा ओतला, साखर ढवळली, चमचा बशीत ठेवला.

“म्हणजे,” ती शेवटी म्हणाली, “एकशेचाळीस वर्षांनी परत मागायला आलात होय?”

स्टेफानियाचा चेहरा पडला. व्हर्नाच्या पोटातून हसू यायला लागलं आणि खांदे हलेपर्यंत आलं.

“केक खाऊ का मी? की तोही परत न्यायचाय?”

“खा,” स्टेफानिया कशीबशी म्हणाली. “म्हणजे, तुम्हाला ती माहीत आहे?”

“माहीत आहे म्हणजे? माझी आजी ती. माझ्या बापाची आई. १९५१ साली गेली, मी तेरा वर्षांची होते. डोक्याशी मीच बसले होते.”

एकावन्न साली. स्टेफानिया तेव्हा पाळण्यात होती. तिचे आजोबा तर त्यानंतर चार वर्षांनी गेले. अडीच तासांच्या वाटेवर थोरली बहीण जिवंत होती आणि ते तिच्या नावाच्या दगडाला दर वर्षी फुलं वाहत होते.

“काय नाव होतं तिचं?”

“झीग्वन. आमच्या भाषेत झीग्वन म्हणजे वसंत. मी लहानपणी तिला छळायची. गोष्टीत तू तर बर्फ पडायला लागल्यावर आलीस, मग वसंत कशी? ती म्हणायची, मी माझं नाव सांगितलं, आईला जेवढं ऐकू आलं तेवढं तिनं ठेवलं.”

“सिग्रुन,” स्टेफानिया म्हणाली.

“सांग परत.”

“सिग्रुन.”

“झीग्वन,” व्हर्ना हळूच म्हणाली. “आमच्या भाषेत र नाहीच मुळी. आई बिचारी काय करणार.” तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. “केस वाळल्या गवतासारखे पिवळे होते तिचे. सगळे विचारायचे. ती म्हणायची, माझी आई इथं पुरलीय, मी इथलीच. नऊ पोरं झाली तिला. जाळं विणण्यात तिचा हात कोणी धरला नाही. आणि हातमोजे विणायची, दोन अंगठ्यांचे.”

“दोन अंगठ्यांचे?”

“एका मोज्याला दोन. तळवा भिजला की मोजा उलटा करायचा, दुसऱ्या अंगठ्यात अंगठा घालायचा. लोक हसायचे, म्हणायचे कीझिकांच्या पोरांना अंगठे जास्त. आली तेव्हा तिच्या हातात तसले होते म्हणे, त्यावरूनच वाबिग्वन आजी शिकली. मला घरातून उचलून सरकारी निवासी शाळेत नेलं ना, पहिल्याच दिवशी माझे काढून घेतले आणि जाळले. घरी आल्यावर आजीनं न बोलता दुसरे विणून दिले.”

स्टेफानियाच्या गाडीच्या पुढच्या खणात या घटकेला तसलीच एक जोडी पडलेली होती. आइसलंडचे मच्छीमार पिढ्यान् पिढ्या तेच घालत आले होते. ती बाहेर जाऊन जोडी घेऊन आली आणि टेबलावर ठेवली. व्हर्नानं ती उचलली, उलटी केली, टाके पाहिले.

“तुमचा टाका सैल आहे,” ती म्हणाली.

दुपारभर दोघी बसल्या. देवीनं वस्ती निम्म्याहून जास्त रिकामी केली होती. नवऱ्याला आणि दोन मुलांना पुरून वाबिग्वन सिग्रुनला घसरगाडीवर बांधून उत्तरेला चालत निघाली होती.

“परत नाही आणलं तिनं?” स्टेफानियानं विचारलं. हा प्रश्न विचारायची तिला लाज वाटत होती, पण विचारल्यावाचून राहवलं नाही.

“आणलं होतं. मार्चात, बर्फावरून. तुमच्या घराच्या धुराड्यातून धूर नव्हता. आमच्या झोपड्यांची राख झालेली. आणि एक बंदूकवाला उभा. म्हणाला, त्या घरातले मेले, तूही चालती हो.” व्हर्नानं केकचा आणखी एक तुकडा तोडला. “घरं आमची, बंदूक तुमची. ते लिहिणार का तुझ्या पुस्तकात?”

“लिहिणार,” स्टेफानिया म्हणाली.

मार्चात वाबिग्वन दक्षिणेला आली होती आणि एप्रिलात योहान्नेस उत्तरेला गेला होता. दोघांनाही एकच उत्तर मिळालं होतं.

निघताना व्हर्नानं विचारलं, “मग मी तुझी कोण लागते?”

स्टेफानियानं बोटांवर मोजलं. “सिग्रुन माझ्या वडिलांची आत्या. म्हणजे माझ्या वडिलांच्या आतेभावाची तुम्ही मुलगी. माझी बहीणच.”

“थोरली,” व्हर्ना म्हणाली. “ताई म्हणायचं. आणि अहोजाहो बंद.”

बाल्दुरला हे सगळं सांगितलं तेव्हा त्यानं हाताची घडी घातली. “गोष्टी कोणीही सांगतं. आणि हातमोजे काय, कोणाचेही बघून विणता येतात. नऊ दशकं दगड उभा आहे. मी छापीन ते पुराव्यानिशी.”

“मग पुरावा दे.”

“मी?”

“डीएनए तपासायची नळी मिळते, तिच्यात थुंकायचं असतं. तू पण थोर्लाकसनच ना?”

आता माघार घेणं बाल्दुरला शोभलं नसतं. तो थुंकला. स्टेफानियानं दुसरी नळी लून पॉइंटला नेली, तेव्हा व्हर्ना म्हणाली, “आजवर विदिविकवाल्यांसमोर थुंकू नकोस, असंच सांगत आले सगळे.” आणि आनंदानं थुंकली. शिवाय निकाल येईपर्यंत पुस्तक छापखान्यात जाणार नाही, असं स्टेफानियानं पुस्तकाच्या समितीकडून लिहून घेतलं.

मे महिन्यात, बर्फ फुटून सरोवर मोकळं झालेल्या आठवड्यात, बाल्दुरची गाडी स्टेफानियाच्या अंगणात येऊन उभी राहिली. तो खाली उतरला, हातात कागद, डोक्यावर टोपी तशीच. पायरीवर बसला.

“सख्ख्या बहीणभावांची नातवंडं असतात ना, तितकं जुळलं,” तो म्हणाला. “माझ्याच थुंकीनं मला तोंडघशी पाडलं.”

“कॉफी टाकू?”

“टाक. स्टेफी, आजोबा दर वर्षी त्या दगडापाशी टोपी काढून उभे राहायचे. मला हात धरून न्यायचे. थोरली बहीण असती तर, म्हणायचे.” त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. “ती होती की गं. इथंच होती.” मग नाक शिंकरून त्यानं आवाज परत मिळवला. “दोन पानं पुरायची नाहीत. किती हवीत तुला?”

“चाळीस.”

“घे. कोण नाही म्हणतं ते बघतो मी.”

नाही म्हणणारे होते. व्हर्ना समितीपुढे येऊन बसली तेव्हा एक गृहस्थ म्हणाले की पुस्तक गावाचं आहे आणि गाव १८७६ साली बोटी लागल्या तेव्हा सुरू होतं.

“बरं,” व्हर्ना म्हणाली. “बोटी लागल्यावर मासे मागायला कोणाच्या दारात गेले ते?”

त्या गृहस्थांनी समोरचे कागद सारखे केले.

“पहिलं पान त्या दाराचं,” बाल्दुर म्हणाला. बारा वर्षं नगराध्यक्ष असताना तो ज्या आवाजात सभा संपवायचा, तोच आवाज. “मत घ्यायचंय कोणाला?” कोणाला घ्यायचं नव्हतं.

दगडाचं काय करायचं यावर मात्र तो आणि स्टेफानिया दोघंही अडले. चुकीची ओळ खरवडून काढावी असं बाल्दुरला वाटत होतं. व्हर्नानं दगडावरून हात फिरवला आणि मान हलवली.

“राहू दे. तिच्या आईनं ते खरं मानून दिवस काढले. तिचं दुःख का खोडायचं? खाली जागा आहे, खरं काय ते तिथं लिहा.”

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी लून पॉइंटहून माणसं यायला लागली. आठ-दहा गाड्या येतील असा अंदाज होता. चर्चसमोरचं कुरण भरलं, मग शाळेचं मैदान भरलं, मग रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागल्या. काही जण तर बोटींनी सरळ सरोवरातून आले आणि धक्क्यावर उतरले. व्हर्नानं कुटुंबाची वही आणली होती. झीग्वनच्या नऊ मुलांपासून आजवरची तीनशे बारा माणसं. पुस्तकात योहान्नेसचे वंशज म्हणून आधी सत्तेचाळीस नावं धरली होती. विदिविकच्या बायकांनी केलेले केक तासाभरात संपले. लून पॉइंटच्या बायकांनी धुरावलेले मासे आणि बॅनक रोटीच्या टोपल्या उघडल्या म्हणून सगळ्यांची जेवणं झाली. रागन्हेइदुर मेंढ्या शेजाऱ्यावर सोपवून आइसलंडहून आली होती. हेल्गाची पणती आणि सिग्रुनची नात एकमेकींचा दंड धरून तासभर फिरत राहिल्या. दोघींची एक भाषा नव्हती, पण बोलणं थांबत नव्हतं.

बाल्दुरनं दगडावरचं कापड ओढलं. जुन्या ओळीखाली ताजी, पांढरी अक्षरं होती. ‘सिग्रुन झीग्वन कीझिक, १८७२–१९५१. नऊ मुलांची आई.’ आणि त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: ‘वाबिग्वन. तिनं वाचवली.’

बाल्दुरनं तीनशे बारा नावं वाचायला घेतली. पहिल्याच पाचांत त्याची जीभ अडकली.

“थांब रे,” व्हर्ना खुर्चीतून म्हणाली. “ओठ जरा सैल सोड. माझ्यामागून म्हण.”

तो तिच्यामागून म्हणायला लागला. नाव ऐकलं की गर्दीतून त्या त्या घरातले हात वर करत, शिट्ट्या घालत. अर्ध्या तासानं बाल्दुरला लय सापडली. त्याचा आवाज चढला, आणि धक्क्यावर जाळी आवरणारी माणसंही काम टाकून वर आली.

मग सगळ्यांचा एक फोटो काढायचा ठरलं. छायाचित्रकार दगडासमोर उभा राहिला आणि मागे सरकायला लागला. दोन पावलं, चार पावलं. कडेची माणसं चौकटीत येईनात म्हणून आणखी मागे. स्टेफानिया पहिल्या रांगेत व्हर्नाशेजारी बसली होती आणि सवयीनं डोकी मोजत होती. दोनशेच्या पुढे तिचा हिशेब चुकला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्याचं काही वाटलं नाही.

“अजून मागे जा,” व्हर्ना ओरडली. “आमचे डावीकडचे राहिले.”

छायाचित्रकारानं वळून पाहिलं, बूट काढले आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला. तरी डावीकडचे येईनात. तो गुडघ्यापर्यंत गेला, तेव्हा कुठे सगळे आले.